पुनर्विक्रीच्या सदनिकेतील स्वतः बसविलेली स्नानगृह-सुरक्षा साधने आणि विक्रेत्याचे प्रकटन-कर्तव्य

बीजसंज्ञा : पुनर्विक्री, प्रकटन, सुप्त दोष, स्नानगृह सुरक्षा, मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२, सहकारी गृहनिर्माण संस्था

प्रस्तावना

महाराष्ट्रातील लहानमोठ्या शहरांत जुन्या सदनिकांची खरेदी-विक्री ही आता नित्याची बाब झाली आहे. असा व्यवहार करताना खरेदीदार मालकी हक्काचा तीस वर्षांचा शोध अहवाल मागवितो. भागप्रमाणपत्र, संस्थेचे थकबाकी नसल्याचे पत्र, मालमत्ता कराची व वीजबिलाची पावती तो बारकाईने तपासतो. कर्ज देणारी बँक आपला मूल्यांकनकार पाठविते. या सगळ्या तपासणीत स्नानगृहाच्या वाट्याला मात्र दोन-तीन मिनिटे येतात. टाइल्सचा रंग, नळाला येणाऱ्या पाण्याचा दाब आणि गीझर आहे की नाही, एवढे पाहून मंडळी बाहेर पडतात.

वास्तविक घरातील ज्या जागी पाणी, वीज, गॅस आणि गुळगुळीत फरशी एकत्र येतात ती जागा हीच होय. घरात वृद्ध व्यक्ती असेल, कोणाची खुब्याची शस्त्रक्रिया झाली असेल किंवा लहान मूल असेल तर मालक या जागेत काही सोयी करून घेतो. कमोडशेजारी आधाराची दांडी, भिंतीला टेकविलेली घडीची बैठक, दाराचा काढून टाकलेला उंबरा, गीझरसाठी वेगळी वायर, गळती प्रवाहापासून रक्षण करणारा आरसीसीबी, बाहेरूनही उघडता येईल अशी कडी ही त्याची उदाहरणे. यांतील बरीच कामे मालक स्वतः ड्रिल यंत्र आणून करतो किंवा ओळखीच्या कारागिराकडून पावतीविना उरकून घेतो. हेतू चांगलाच असतो. प्रश्न उद्भवतो तो घर विकताना. अशा साधनांविषयी विक्रेत्याने खरेदीदारास काय सांगितले पाहिजे आणि का, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करण्याचा प्रयत्न केला आहे.

सुरक्षा साधन इतर वस्तूंपेक्षा वेगळे का?

फुटलेली टाइल स्वतःच आपली अवस्था सांगते. गळका नळ ठिबकत राहतो. सुरक्षा साधनाचे तसे नाही. ते जेथे असते तेथे विश्वास निर्माण करते आणि त्याचा कमकुवतपणा नेमका संकटाच्या क्षणीच उघड होतो. दांडी नसलेल्या स्नानगृहात वृद्ध माणूस भिंतीला हात टेकून, जपून पाऊल टाकतो. दांडी असेल तर तो तिच्यावर भार टाकतो. म्हणून न टिकणारी दांडी ही दांडी नसण्यापेक्षा अधिक धोकादायक ठरते.

उदाहरणादाखल एक प्रसंग कल्पून पाहता येईल. एका गृहस्थाने पत्नीच्या आजारपणात कमोडशेजारी दांडी बसविली. पत्नी सडपातळ, तिने वर्षभर त्या दांडीचा हलका आधार घेतला आणि दांडी टिकली. पुढे घर विक्रीस निघाले. 'ज्येष्ठांसाठी सोयीचे स्नानगृह' असे एजंटने जाहिरातीत लिहिले. खरेदीदाराच्या घरी शहात्तर वर्षांची, जड शरीराची आई आहे आणि हे घर पसंत करण्याचे तेही एक कारण आहे. दांडी पोकळ वाजणाऱ्या टाइलवर दोन प्लास्टिकच्या प्लगांनी धरलेली आहे, ही गोष्ट या साऱ्या मंडळींत केवळ एकाच माणसाला ठाऊक आहे. तो लबाड नाही. त्याला ती गोष्ट सांगण्यासारखी वाटलेली नाही, इतकेच.

कायद्याची चौकट

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ८ नुसार घराचे हस्तांतरण होते तेव्हा कुलपे, किल्ल्या, गज, दारे, खिडक्या आणि घराबरोबर कायमच्या वापरासाठी पुरविलेल्या इतर सर्व वस्तू, वेगळा उद्देश दिसत नसेल तर, नव्या मालकाकडे जातात. भिंतीत पक्की केलेली दांडी, बैठक किंवा विजेच्या पेटीतील आरसीसीबी या वर्गात सहज मोडतात. म्हणजे विक्रेता केवळ चार भिंती विकत नाही. आपण केलेले कामही तो विकत असतो.

याच अधिनियमाचे कलम ५५ विक्रेत्याची कर्तव्ये सांगते. मालमत्तेतील किंवा मालकी हक्कातील जो महत्त्वाचा दोष विक्रेत्याला माहीत आहे, खरेदीदाराला माहीत नाही आणि सर्वसाधारण काळजी घेऊनही खरेदीदाराला शोधून काढता येणार नाही, तो दोष विक्रेत्याने उघड केला पाहिजे. असे प्रकटन न करणे हे कपटपूर्ण मानले जाईल, असेही हे कलम शेवटी स्पष्ट करते. मात्र ही कर्तव्ये 'विरुद्ध करार नसेल तर' लागू होतात. मालमत्तेविषयी खरेदीदाराने विचारलेल्या सर्व संबंधित प्रश्नांची आपल्या माहितीप्रमाणे उत्तरे देण्याचे बंधनही याच कलमाने विक्रेत्यावर घातले आहे.

या तरतुदीतील तीन अटी स्वतः केलेल्या कामाला लावून पाहणे उद्बोधक ठरते. पहिली अट विक्रेत्याच्या ज्ञानाची. बिल्डरने केलेल्या कामाबद्दल 'मला कल्पना नव्हती' असे विक्रेता प्रामाणिकपणे म्हणू शकतो. ज्या भिंतीत त्याने स्वतः ड्रिल चालविले तिच्याबद्दल असे म्हणण्यास फारशी जागा उरत नाही. दुसरी अट खरेदीदाराच्या अज्ञानाची. तिच्याबद्दल अधिक लिहिण्याचे कारण नाही. तिसरी अट सर्वसाधारण काळजीची. घर पाहायला आलेला माणूस दुसऱ्याच्या स्नानगृहातील दांडीला लोंबकळून पाहील किंवा गीझरचे झाकण उघडेल, अशी अपेक्षा करता येत नाही. दांडी डोळ्यांना दिसते, परंतु तिची पकड दिसत नाही. दोष दृश्य की सुप्त, हे ठरविताना हा फरक निर्णायक आहे.

खरी अडचण 'महत्त्वाचा दोष' या शब्दांपाशी येते. जो दोष आधी कळला असता तर खरेदीदाराने कदाचित व्यवहारच केला नसता, तो महत्त्वाचा, असा सर्वसाधारण अर्थ लावला जातो. या कसोटीवर काही शे रुपयांची सैल दांडी टिकेल का? प्रामाणिक उत्तर असे की, एकटी दांडी बहुधा टिकणार नाही. खालच्या सदनिकेत झिरपणारी ओल, नाहीसे झालेले अर्थिंग किंवा बंदिस्त जागेतील गॅस गीझर यांची गोष्ट मात्र वेगळी आहे. म्हणून प्रत्येक साधनाला कलम ५५ चा धाक दाखविणे योग्य नव्हे. परंतु कायदा जेथे सक्ती करीत नाही तेथे बोलण्यास मनाई आहे, असाही त्याचा अर्थ होत नाही.

येथे भारतीय करार अधिनियम, १८७२ चाही विचार करावा लागतो. कलम १७ नुसार माहीत असलेली वस्तुस्थिती सक्रियपणे लपविणे हे कपट होय. नुसते मौन मात्र, बोलण्याचे कर्तव्य नसेल तर, कपट ठरत नाही. ओल आलेल्या भिंतीवर विक्रीपूर्वी घाईने नवा रंग देणे आणि ओलीविषयी गप्प राहणे या दोन कृतींत कायद्याच्या दृष्टीने अंतर आहे, ते असे. 'जशी आहे तशी' या शब्दांचे कलम करारात घातले की सर्व जबाबदारी संपते, हा समजही या पार्श्वभूमीवर तपासून घ्यावा लागतो. त्या शब्दांनी मौनाला काही आडोसा मिळेल. रंगाखाली झाकलेल्या ओलीला तो मिळेलच असे नाही. शिवाय कपटाच्या प्रकरणी मुदत अधिनियम, १९६३ च्या कलम १७ मुळे दाव्याची मुदत कपट उघडकीस येईपर्यंत सुरूच होत नाही. ताबा देऊन वर्ष उलटले म्हणजे विषय संपला, असे विक्रेत्याने समजू नये.

स्थावर संपदा अधिनियम, २०१६ मधील दोषदायित्वाची पाच वर्षांची तरतूद येथे उपयोगी पडत नाही. ती प्रवर्तकावर आहे, सदनिका पुन्हा विकणाऱ्या व्यक्तीवर नाही.

दांडी आणि भिंत

स्नानगृहातील आधाराची दांडी आणि टॉवेल टांगण्याची दांडी दिसायला सारख्या असू शकतात. कित्येक घरांत दुसरीच पहिलीचे काम करीत असते. अमेरिकेतील अपंग व्यक्तींसाठीच्या प्रवेशयोग्यता मानकांत (२०१०) आधारदांडी व तिची जोडणी यांनी सुमारे ११३ किलो भार पेलला पाहिजे असे म्हटले आहे. दांडीचा व्यास ३२ ते ५१ मिलिमीटर आणि भिंतीपासूनचे अंतर ३८ मिलिमीटर असावे, असेही त्यात नमूद आहे. हे मानक आपल्याकडील खासगी सदनिकेला बंधनकारक नाही. तरीही दांडीकडून नेमकी काय अपेक्षा असते याची कल्पना त्यातून येते. घसरणारा माणूस दांडीला केवळ स्वतःचे वजन देत नाही, तो तिला हिसका देतो. सत्तर किलोच्या माणसाचा हिसका सत्तर किलोपेक्षा जास्त असतो.

हा हिसका दांडी पेलत नाही, भिंत पेलते. आपल्याकडील स्नानगृहांच्या आतील भिंती बहुधा साडेचार इंची विटांच्या असतात; गेल्या काही वर्षांतील इमारतींत त्या सच्छिद्र, हलक्या काँक्रीट ब्लॉकच्या असतात. अशा ब्लॉकमध्ये साधा प्लास्टिकचा प्लग घट्ट बसल्यासारखा वाटतो, परंतु ओढ लागली की आजूबाजूचा भुगा घेऊन बाहेर येतो. त्यासाठी खास प्रकारचे अँकर किंवा रासायनिक भरणाचे बोल्ट वापरावे लागतात. विटांच्या भिंतीत स्क्रू विटेत गेला की दोन विटांमधील सांध्यात, यावरही पकड अवलंबून असते. टाइलमागे सिमेंट नीट भरले नसेल तर स्क्रूचा पहिला सेंटिमीटर हवेतच असतो. त्यातच साधे लोखंडी स्क्रू वापरले असतील तर दांडीच्या चकचकीत टोपीखाली ते गंजत राहतात आणि बाहेरून काहीही दिसत नाही.

यांतील एकही गोष्ट खरेदीदाराला पाहून कळणार नाही. विक्रेत्याला मात्र ड्रिल करताना बाहेर आलेली पूड लाल होती की करडी, स्क्रू किती लांबीचे होते, प्लग कोणते वापरले, हे बहुधा आठवते. एवढी माहिती नव्या मालकाच्या कारागिराला पुरेशी असते.

गळतीबद्दल येथेच थोडक्यात लिहिणे इष्ट. भिंतीतील छिद्र लपविलेल्या पाइपला निसटता धक्का देऊ शकते. जमिनीत पाय रोवलेली बैठक किंवा उंबरा काढण्यासाठी केलेली तोडफोड ही फरशीखालील जलरोधक थर व ब्रिकबॅट कोबा भेदू शकते. ओल महिनोन् महिने खालच्या घराच्या छतात मुरते आणि मग पत्रव्यवहार सुरू होतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सदनिकेत बदल करण्यास समितीची लेखी परवानगी लागते आणि स्वच्छतागृह, सिंक यांच्या अंतर्गत गळतीचा खर्च संबंधित सदनिकाधारकावर पडतो. खालच्या शेजाऱ्याचे तक्रारपत्र फाइलमध्ये असताना ते खरेदीदारापासून दडविणे ही गोष्ट दांडीपेक्षा कितीतरी गंभीर होय.

वीज आणि गॅस

दोन किलोवॅटचा साठवणीचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो. तीन किलोवॅटचा तात्काळ गीझर सुमारे १३ अँपिअर. त्यांना १६ अँपिअरचा सॉकेट, पुरेशा जाडीची स्वतंत्र वायर आणि खात्रीचे अर्थिंग लागते. जुन्या इमारतींत अर्थिंगची वायर अनेकदा जवळच्या लोखंडी पाण्याच्या पाइपला बांधलेली आढळते. पुढे पाइप गंजले म्हणून ते बदलून प्लास्टिकचे टाकले जातात. त्या दिवशी अर्थिंग संपते, मात्र तीन छिद्रांचा सॉकेट भिंतीवर तसाच राहतो. गीझरच्या धातूच्या कवचात वीज उतरली तर तिला जमिनीकडे जाण्यास दुसरी वाट नसते. ओल्या हाताचा माणूसच ती वाट होतो.

येथे एमसीबी आणि आरसीसीबी यांतील भेद सांगणे आवश्यक आहे, कारण सुशिक्षित घरांतही त्याबद्दल गोंधळ आढळतो. एमसीबी वायरचे रक्षण करतो. वीस अँपिअरचा एमसीबी माणसाच्या शरीरातून जाणाऱ्या, मिलिअँपिअरमध्ये मोजल्या जाणाऱ्या प्रवाहाची दखलही घेत नाही, आणि जीव जाण्यास तसा प्रवाहही पुरू शकतो. माणसाच्या रक्षणासाठी ३० मिलिअँपिअर क्षमतेचा आरसीसीबी लागतो. जुन्या वायरिंगमध्ये तो वारंवार पडतो. मग कंटाळून कोणीतरी गीझरची जोडणी त्याला वगळून करून घेतो. पेटीत आरसीसीबी दिसतो, त्याचे चाचणी बटण दाबले तर तो पडतोही. परंतु गीझर चालूच राहतो. विक्रेत्याने सांगितल्याशिवाय ही गोष्ट समजण्याचा मार्ग सामान्य खरेदीदारापाशी नाही.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांनी (२०१०, आणि त्यांच्या जागी आलेले २०२३ चे) दिवे, पंखे, स्विच किंवा घरगुती उपकरण बदलण्यासारखी किरकोळ कामे वगळता विद्युत संचमांडणीतील भर, बदल व दुरुस्ती परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करून घेण्याचे बंधन घातले आहे. जुन्या गीझरच्या जागी तसाच नवा टांगणे किरकोळ ठरेल. त्यासाठी नवी वायर ओढणे ठरणार नाही. हे काम मालकाने स्वतः केले असेल तर ते सांगण्यात संकोच वाटतो, आणि नेमके तेच सांगणे आवश्यक असते. साठवणीच्या गीझरची सुरक्षा झडप ठिबकते म्हणून ती कोणी बंद करून टाकली असेल, तर तीही माहिती याच सदरात मोडते. ती झडप आतील जादा दाब बाहेर सोडण्यासाठीच असते.

गॅस गीझरबाबत मात्र सौम्य शब्द वापरण्याचे कारण नाही. बंद स्नानगृहात तो जळत असता प्राणवायू कमी होत जातो, ज्वलन अपूर्ण होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पटीने घट्ट जोडला जातो. अंघोळ करणाऱ्याला प्रथम गुंगी येते आणि कडी काढण्याचे त्राण उरत नाही. थंडीत वारा लागतो म्हणून झरोक्याला अॅक्रिलिकचा पत्रा ठोकणे किंवा बंद पडलेल्या एक्झॉस्ट पंख्याच्या जागी काच बसविणे, हे बदल मालकाला सुरक्षेशी संबंधित वाटतच नाहीत. गीझर स्नानगृहाच्या आत आहे, झरोका नंतर बंद केला आहे, या दोन वाक्यांवर एखाद्या कुटुंबाचा जीव अवलंबून असू शकतो. खरे तर असा गीझर सांगून विकण्यापेक्षा ताबा देण्यापूर्वी काढून टाकणे अधिक योग्य.

अन्य देशांतील पद्धती

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९८७ पासून निवासी मालमत्तेच्या विक्रेत्याला विहित नमुन्यातील प्रकटनपत्र भरून द्यावे लागते. आवश्यक परवान्याविना केलेले बदल व दुरुस्त्या, तसेच इमारत नियमांशी विसंगत बदल, विक्रेत्याला माहीत आहेत का, असा थेट प्रश्न त्यात असतो. भूकंपप्रवण प्रदेश असल्याने पाणी तापविण्याची टाकी भिंतीला पट्ट्यांनी बांधलेली आहे की नाही, हेही तेथे लेखी द्यावे लागते. इंग्लंडमध्ये खरेदीदाराने सावध असावे हे तत्त्व दीर्घकाळ प्रबळ राहिले. तरी २००५ पासून तेथील इमारत नियमांनी घरगुती विद्युत कामावर, विशेषतः स्नानगृहातील कामावर, नियंत्रण आणले आहे. महाराष्ट्रात पुनर्विक्रीसाठी असा विहित नमुना नाही. जे काही सांगायचे ते साठेकराराला जोडलेल्या साध्या परिशिष्टातच सांगता येते, आणि त्यास कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही.

प्रकटनाचे स्वरूप

'सर्व साधने सुस्थितीत आहेत' असे विधान विक्रेत्याने करू नये. ते तपासल्याशिवाय केलेले आश्वासन असते आणि चुकीचे ठरल्यास विक्रेत्यावरच उलटते. त्याने मत देण्याऐवजी माहिती द्यावी. काम कोणी केले, केव्हा केले, कशावर व कशाने बसविले, त्यानंतर काय आढळले, एवढे पुरे. 'कमोडच्या उजव्या बाजूची दांडी मी २०१९ साली साडेचार इंची विटांच्या भिंतीत प्लास्टिक प्लग व दोन इंची स्क्रू वापरून बसविली. तिची भारक्षमता तपासलेली नाही' हे वाक्य घराची किंमत पाडणारे नाही. 'गीझरची वायर २०२१ मध्ये बदलली, काम परवानाधारक कंत्राटदाराचे नाही, अर्थिंग तपासलेले नाही' हेही नाही. असे वाक्य वाचून खरेदीदार अंघोळीला जाण्यापूर्वी वायरमनला बोलावील. त्याचा खर्च त्याच्या मुद्रांक शुल्काच्या तुलनेत नगण्य असतो.

असे लिहून दिले तर गिऱ्हाईक बिथरेल, हा एजंटांचा नेहमीचा आक्षेप आहे. तो अगदीच निराधार नाही. घासाघीस करणाऱ्यास निमित्त मिळते, हे खरे. परंतु लेखी प्रकटन विक्रेत्याचेही संरक्षण करते. जे सांगितले गेले ते खरेदीदाराच्या ज्ञानात आले, आणि ज्ञात दोषाबाबत कलम ५५ खाली तक्रार उरत नाही.

खरेदीदाराच्या बाजूने लेखी प्रश्न हेच परिणामकारक साधन आहे. करार अधिनियमाच्या कलम १९ मधील अपवादानुसार, ज्याला सर्वसाधारण तत्परतेने सत्य शोधता आले असते त्याला, मौनातून झालेल्या कपटाच्या आधारे, करार रद्द करणे अवघड जाते. म्हणून विसार देण्यापूर्वी 'स्नानगृहात आपण स्वतः केलेली किंवा पावतीविना करून घेतलेली कामे कोणती' असे पत्राने विचारावे. प्रश्न विचारला गेला की विक्रेत्याला उत्तर देणे भाग पडते. दोष महत्त्वाचा की किरकोळ हा वाद मग तेवढा उरत नाही.

काही विक्रेते विक्रीपूर्वी दांड्या काढून छिद्रे पांढऱ्या सिमेंटने बुजवितात. संशयास्पद दांडीपेक्षा मोकळी भिंत बरी, या न्यायाने ते योग्यच आहे. मात्र त्या छिद्रांतून पूर्वी ओल झिरपली असेल तर दांडीबरोबर ती हकीकत नाहीशी होत नाही. आणि नव्या मालकाला त्याच जागी पुन्हा दांडी बसवायची झाल्यास त्या भिंतीत कोठून पाइप गेला आहे, कोठे आधीची छिद्रे आहेत, हे त्याला कळले पाहिजे. त्यासाठी भिंतीचा मोबाइलवर काढलेला फोटो, टाइल्सच्या ओळी मोजून केलेली खूण आणि आरसीसीबी व गीझर यांच्या असतील तेवढ्या पावत्या किल्ल्यांसोबत एका पाकिटात देता येतात.